धायगुडे बाईंचा रस्ता

धायगुडे बाईंनी नोकरीच्या काळात एकतीस मुलींना पुण्यात राहायला जागा निवडून दिली. त्यांतली सतरावी मी. हा आकडा बाईंचाच आहे. प्रत्येक मुलीच्या कागदावर त्या कोपऱ्यात अनुक्रमांक घालत. एकतिसांपैकी एकोणतीस जणींनी लग्न किंवा बदली होईपर्यंत जागा बदलली नाही. एकीनं बाईंचं ऐकलं नाही, तिची हकीकत पुढे येईल. एकीचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही, म्हणून तिला मी कुठल्याच बाजूला धरत नाही.

बत्तिसावी जागा त्यांना स्वतःसाठी निवडायची होती. तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, एकट्या होत्या, आणि सरकारी क्वार्टर सोडायला त्यांच्या हातात चार महिने होते. हे लिहायला बसले ते त्या जागेसाठी. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं.

आमचं ऑफिस नकाशांचं. बाई तिथं ट्रेसर. काचेच्या टेबलावर मूळ नकाशा ठेवायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि शाईनं जशीच्या तशी प्रत काढायची, हे त्यांचं काम. प्रत झाली की ती माझ्याकडे यायची. मी सांख्यिकी सहायक. एका लहानशा यंत्रानं नकाशातली क्षेत्रफळं मोजून ती कागदोपत्री आकड्यांशी जुळतात का ते बघायचं आणि कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून सही करायची. शाईची रेघ चुकली तर ट्रेसर ती ब्लेडनं हलकेच खरवडतात. इतर ट्रेसरना महिन्याला दोन-तीन ब्लेडं लागत. बाईंचं ब्लेड पेन्सिलींना टोक काढूनच बोथट व्हायचं. तेरा वर्षांत त्यांची एकही प्रत मी परत पाठवलेली नाही. पाठवायला मिळावी म्हणून सुरुवातीला दोनदा मोजत असे. पुढे तेही सोडलं.

बाई लोणंदकडच्या. उंची पाच फुटांना थोडी कमी. सुती साडी, पायात रबरी तळाच्या चपला, आणि पर्समध्ये सहा इंची पट्टी. ती पट्टी कुठंही बाहेर निघे. ऑफिसच्या कँटीनमधला बटाटेवडा लहान झाला, असं साहेबांसकट सगळे महिनाभर म्हणत होते. बाईंनी पट्टी लावून “पाव इंच” एवढंच सांगितलं आणि खाल्ला. कुणी कशाबद्दल मत विचारलं, निवडणुकीबद्दल म्हणा किंवा नव्या सुनेबद्दल म्हणा, की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “मी ट्रेसर आहे. असेल तसं काढते.”

ट्रेसिंगचं कापड बिघडलं तर ते गरम पाण्यात धुतात. खळ निघून गेली की आत फार तलम सूत असतं. बाई दुसऱ्यांची बिघडलेली कापडं घरी नेत आणि त्यांचे रुमाल शिवत. नव्या खोलीत राहायला गेलेल्या प्रत्येक मुलीला एक रुमाल मिळे. त्याच्याबरोबर उपदेश मिळत नसे.

मी बार्शीहून आले तेव्हा बावीस वर्षांची होते. सहकारनगरला आईच्या मावसबहिणीकडे आठ दिवस राहायचं ठरलं होतं. पाचव्या दिवशी मावशींनी सकाळच्या चहाबरोबर विचारलं, “मग, कुठवर आलं जागेचं?” ऑफिसात आल्यावर माझा चेहरा पाहून बाईंनी मला बोलावलं.

“काळे, कुठं राहणार?”

“ऑफिसच्या जवळ बघते आहे.”

“ऑफिसात आठ तास. उरलेले सोळा?”

बाईंनी शहराच्या नकाशावर ट्रेसिंग पेपरचा तुकडा टाकला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “ऑफिस कर. एसटी स्टँड कर. तुला आई-वडिलांना फोन करायचा तर कुठून करशील, तिथं टिंब. खानावळ. गिरणी. डॉक्टर. रविवारी कुठं जाशील?”

“रविवारी?”

“रविवार येतोच.”

रविवारसाठी मी एक ग्रंथालय घातलं. सात टिंबं झाली. बाईंनी ती जोडली. पण पट्टीनं सरळ नाही, तर रस्ता जसा वळतो तशी. मग जिथं रेघा दाट झाल्या तिथं एक लहानसं वर्तुळ काढलं. वर्तुळ मंडईच्या मागच्या गल्ल्यांवर आलं.

“तिथं फार गलका असतो म्हणतात,” मी म्हणाले. “प्रभात रोडला एका बंगल्यात मागची खोली आहे. शांत आहे.”

“शांत म्हणजे?”

“म्हणजे रस्त्यावर कुणी नसतं.”

“तेच विचारते आहे.”

जागा बघण्याचे त्यांचे दोन नियम होते. एक, जागा गुरुवारी बघायची. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज जायची ती पुण्यात बहुधा गुरुवारी जायची. “गुरुवारी जी खोली बरी दिसते ती बाकी सहा दिवस बरीच असते,” असं त्या म्हणत. दोन, संध्याकाळी साडेसातला बसस्टॉपपासून दारापर्यंत चालायचं आणि उघडी दुकानं मोजायची. दिवे मोजलेले त्यांना चालत नसत. मी एकदा रस्त्यावरचे दिवे मोजून सांगितले, तेव्हा म्हणाल्या, “दिव्याला हाक मारून तो येतो का? दुकान मोज. दुकानात माणूस असतो.”

मंडईच्या मागच्या त्या खोलीपर्यंत अकरा दुकानं उघडी होती. मालकीणबाई शिक्षिका होत्या, निवृत्त. त्यांनी माझी चौकशी दहा मिनिटं केली. गाव, वडिलांची नोकरी, पाहुणे किती येतात, केस किती वेळा धुते. मी उत्तरं दिली. मग बाईंनी विचारलं, “संध्याकाळी सात ते नऊ आपल्या घरात कोण असतं?”

मालकीणबाई म्हणाल्या, “चौकशी आम्ही करायची असते.”

“केलीत की. मुलगी एकटी राहणार आहे. आपण घरात तिघं आहात. जास्त चौकशी कुणाला लागते?”

“पहिल्यांदाच बघते आहे बाई असं.”

“आम्हीही. केसांचं पहिल्यांदाच ऐकलं.”

खोली मिळाली. पहाटे चार वाजता खाली भाजीच्या हातगाड्या यायच्या आणि हमाल एकमेकांच्या घराण्यांबद्दल बोलायचे. पंधरा दिवस मला झोप लागली नाही. बाईंकडे तक्रार केली तर म्हणाल्या, “तू ओरडलीस तर पहाटे चारला ऐकायला वीस माणसं आहेत. प्रभात रोडला किती होती?” मी लग्न होईपर्यंत, म्हणजे चार वर्षं दोन महिने, तिथं राहिले. ओरडायची वेळ आली नाही. पण झोप मात्र सोळाव्या दिवसापासून लागू लागली.

हे सगळं त्या का करतात, असं मी एकदा विचारलं. त्या तेविसाव्या वर्षी एकट्या पुण्यात आल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. काम न थांबवता त्या म्हणाल्या, “माझी पहिली खोली मी दुपारी बघितली होती.”

आता न ऐकणारी. ती नागपूरची, अनुक्रमांक बावीस. तिला गॅलरीतून पर्वती दिसायला हवी होती. बाईंनी काढून दिलेलं वर्तुळ तिनं बाजूला ठेवलं आणि पर्वती दिसणारी खोली घेतली. बाई म्हणाल्या, “छान दिसते का?” ती म्हणाली, “फारच छान.” बाई म्हणाल्या, “बरं.” सात आठवड्यांनी ती डोळे सुजवून आली. घरमालकाचा भाचा जिन्यात उभा राहायचा, एवढंच तिनं सांगितलं. ‘मी म्हटलं नव्हतं का’ हे वाक्य बाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही; त्या दिवशीही नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत त्या मुलीच्या नावाचा दुसरा कागद तयार होता, वर्तुळासकट.

“हा कधी काढलात?” मी नंतर विचारलं.

“पर्वती म्हणाली तेव्हाच.”

एकतिसावी एका साहेबांची भाची. संगणकाची नोकरी लागून हिंजवडीला निघाली होती. ती हसून म्हणाली, “काकू, मॅपबिप कशाला? कंपनीची बस दारातून पिकअप करते, दारात ड्रॉप करते.”

“आणि रविवारी कोण उचलतं?”

मग तिनंच पेन्सिल घेतली.

तर अशा बाईंवर अठ्ठावन्नाव्या वर्षी जागा शोधायची वेळ आली. आम्हां सगळ्यांना वाटलं होतं की त्या लोणंदला भावाकडे जातील. भावानं खोली रंगवून ठेवल्याचं पत्रही आलं होतं. बाईंनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, “खोली चांगलीच असेल. पण तिथं दाराबाहेर पाऊल टाकलं की लोक विचारतात, कुठं निघालीस. पुण्यात पस्तीस वर्षं मला हे कुणी विचारलेलं नाही. आता या वयात उत्तरं द्यायची सवय लागायची नाही.”

त्यांनी आधी भाड्यानं जागा बघितल्या. तीनही वेळा मी बरोबर होते, तीनही गुरुवार होते. जागा बाईंना पसंत पडल्या. बाई मालकांना पडल्या नाहीत. पहिले म्हणाले, “कुटुंब हवं होतं.” दुसऱ्या बाई म्हणाल्या की त्यांना विचार करायला वेळ हवा, आणि तो त्यांनी अजून घेतलेला आहे. तिसरे गृहस्थ सदाशिव पेठेतले, सरळ होते. त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर दोन मुली आधीच राहत होत्या.

बाई म्हणाल्या, “मुलींना देता. मला का नाही?”

ते म्हणाले, “मुली जातात हो. लग्न होतं, बदली होते. आपण कुठं जाणार?”

जिना उतरताना बाई म्हणाल्या, “मुद्दा बरोबर आहे त्यांचा.” खाली आल्यावर त्यांनी पर्समधून पट्टी काढली, काहीच न मोजता पाहिली आणि परत ठेवली.

दोन महिने उरले. मी घरी बोलले. आमच्याकडे एक खोली मोकळी होती, यजमानांची हरकत नव्हती. मी बाईंना सांगितलं. त्या आल्या, गुरुवारीच. खोली पाहिली, खिडकी उघडून मिटली, नळ सोडून पाहिला, आमच्या मुलीशी दहा मिनिटं बोलल्या.

“उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “पण काळे, दार तुझं आहे.”

“वेगळी किल्ली देते की.”

“किल्ली तू देणार. तेच म्हणते आहे.”

(लग्नानंतर माझं आडनाव बदललं. ऑफिसात सही मात्र ‘काळे’ अशीच राहिली, आणि बाईंनीही बदलाची नोंद घेतली नाही.)

आणि मग एका सोमवारी त्यांनी सांगितलं की वारज्याला एक खोली आणि स्वयंपाकघर विकत घेतलं. बारा बिऱ्हाडांची नवी इमारत, तळमजला. ग्रॅच्युइटीत बसलं.

“कधी बघितलंत?”

“बघायचं काय? शीट नंबर नऊ.”

वारजे तेव्हा नुकतंच शहरात आलं होतं. त्या भागाच्या विकासाचा नकाशा बाईंनीच दोन वर्षांपूर्वी ट्रेस केला होता. शीट नंबर नऊवर चोवीस मीटर रुंदीचा एक नियोजित रस्ता होता, तुटक रेघांचा. इमारत त्या रस्त्याला लागून.

“चालून बघितलात का पण?” मी विचारलं. “साडेसातला?”

“काळे, त्या रस्त्याचं प्रत्येक वळण माझ्या हातून गेलेलं आहे.”

तुटक रेघ म्हणजे रस्ता नाही, रस्त्याचा विचार. हे आमच्या ऑफिसात शिपायालाही माहीत असतं. दुसऱ्या कुणी मुलीनं असं केलं असतं तर बाईंनी तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं असतं. पण रेघ त्यांची स्वतःची होती.

सामान हलवलं त्या दिवशी मी टेम्पोत पुढे, बाईंच्या शेजारी होते. डांबर संपलं. पुढे खडी होती, तीही संपली. ड्रायव्हरनं टेम्पो थांबवला. समोर मेथी होती. मेथीच्या पलीकडे, साधारण अडीचशे मीटरवर, बाईंची इमारत दिसत होती. इमारतीत पोचायला बिल्डरनं पलीकडून, ओढ्याच्या बाजूनं, एक कच्ची वाट केली होती. ती पावसानं वाहून गेली होती.

मेथीतून एक माणूस उठला. पासष्टीचा, डोक्याला टॉवेल. हे दत्तोबा. शेत त्यांचं.

“कुठं जायचंय?”

“या रस्त्यानं पलीकडे,” बाई म्हणाल्या.

“रस्ता? हितं रस्ता कुठं हाय? हितं माझी मेथी हाय.”

बाईंनी पिशवीतून शीटची प्रत काढून टेम्पोच्या बॉनेटवर पसरली. “हे बघा. चोवीस मीटर. हे माझंच काम आहे.”

दत्तोबांनी टॉवेलनं हात पुसून नकाशा नीट पाहिला. “झ्याक काढलंय. आन् ही मेथी कुठं दावलीय?”

“पिकं दाखवत नाहीत.”

“हीर?”

“विहीर...” बाईंनी बोट फिरवलं. विहीर शीटवर नव्हती. दत्तोबांचं दोन खोल्यांचं घरही नव्हतं. दोन्ही अगदी समोर होती, विहिरीवर इंजिन चालू होतं.

“मंजे बाई, तुमी माझ्या घरातनं रस्ता काढला, आन् मला इचारलंबी न्हाई.”

“मी ट्रेसर आहे,” बाई म्हणाल्या. “मूळ असेल तसं काढते.”

“आमी मूळच हाय की हितं,” दत्तोबा म्हणाले.

ड्रायव्हर हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नकाशाची घडी घातली. दत्तोबांच्या बायको, हौसाबाई, विहिरीवरून हे ऐकत होत्या, त्या ओरडल्या, “अवो, सामान डोक्यावर घ्या आन् बांधावरनं न्या म्हनावं. रस्ता हुईल तवा हुईल.” बाईंचं सामान बांधावरून गेलं. एकूण चौदा खेपा. पाच दत्तोबांच्या होत्या.

पुढची आठ वर्षं बाई त्या बांधावरून ये-जा करत राहिल्या. बसस्टॉप ते दार, उघडी दुकानं शून्य. सुरुवातीला दत्तोबांनी काट्यांचं कुंपण घातलं होतं, कारण इमारतीतली बाकीची अकरा बिऱ्हाडंही मेथीतून जायला लागली होती. मग कुंपणात एक फट दिसू लागली. ती बाईंच्या मापाची होती. मला आडवं होऊन जावं लागे. बाई फार कौतुक करणाऱ्या नव्हत्या, पण मला म्हणाल्या, “मोजून केलेली आहे. साडेबारा इंच.”

मी दोन-तीन महिन्यांनी जाई. एका पावसाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला. बांधापर्यंत रिक्षा येईना. पहाटे मंडईला निघालेल्या भाजीच्या टेम्पोत दत्तोबांनी त्यांना मेथीच्या जुड्यांवर निजवून दवाखान्यात नेलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा हौसाबाई त्यांच्या केसांतून पानं काढत होत्या आणि बाई त्यांना म्हणत होत्या, “आगं ऱ्हाऊ दे की आता, न्हाऊन जातील.” तोवर बाईंना मी लोणंदचं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. मला पाहून त्या पुन्हा ऑफिसच्या मराठीत आल्या. डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा असं झालं आणि वेळेत गाडी मिळाली नाही तर कठीण आहे. गुडघेही गेले होते.

म्हणजे रस्ता हवा होता, आणि बाईंनाच सगळ्यांत जास्त हवा होता. इमारतीच्या वतीनं त्यांनी नऊ अर्ज केले. अक्षर असं की वाचणाऱ्याला नाही म्हणायला लाज वाटावी. तरी आठ वेळा वाटली नाही. नवव्या अर्जाला उत्तर आलं: रस्ता मंजूर, आखणीसाठी पथक येईल. इमारतीत पेढे वाटले. बाईंनी आपल्या वाटणीचे दोन पेढे कागदात बांधून ठेवले.

पथक आलं त्या दिवशी बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. एक तरुण इंजिनिअर, दोन मोजणीदार, चुन्याची पोती. इमारतीतले सात-आठ लोक. एका बाजूला दत्तोबा आणि हौसाबाई. आदल्या आठवड्यात दत्तोबांनी माणूस लावून विहिरीतला गाळ काढला होता, तो ढीग तसाच ओला होता. चुन्याची रेघ शेताच्या कडेपासून सुरू झाली आणि सरळ घराच्या ओट्यावर येऊन थांबली. विहीर रेघेच्या आत.

इंजिनिअरच्या हातात शीट नंबर नऊ होतं. कोपऱ्यातली सही वाचून तो म्हणाला, “ट्रेसर, स. धायगुडे. म्हणजे तुम्हीच का, बाई? काय अप्रतिम काम आहे हो. आता असं बघायलाच मिळत नाही.”

“बघू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी नकाशा ओट्यावर पसरला, चष्मा चढवला आणि पट्टी लावली. पाच मिनिटं त्या मोजत होत्या. मग बाई म्हणाल्या, “रेघ चुकली आहे.”

“काय?”

“ट्रेस करताना सरकली. उत्तरेला पस्तीस मीटर हवी. ओढ्याच्या काठानं.”

“पस्तीस मीटर?” इंजिनिअर म्हणाला. “पण मग... हे सगळंच पुन्हा मोजावं लागेल.”

“नियमाप्रमाणे.”

इमारतीतले एक गृहस्थ पुढे आले. “अहो बाई, पुन्हा मोजणी म्हणजे चार-पाच वर्षं गेली! तुम्हाला कल्पना आहे का?”

“आहे. मी तिथंच नोकरी केली.”

“आणि तुमचे गुडघे?”

“ते नकाशात नाहीत.”

इंजिनिअर सज्जन होता आणि गोंधळला होता. त्यानं शीट उचलून दुसरी सही वाचली. “इथं ‘तपासले’ आहे. काळे. या काळे कोण?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या चष्मा पुसत होत्या. मी म्हणाले, “मी.”

“मॅडम, पस्तीस मीटरची चूक तुमच्या तपासणीतून सुटली?”

शीट नंबर नऊ मी मोजलं होतं. क्षेत्रफळ जुळलं होतं, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत. बाईंची रेघ मूळ नकाशावर केसभरही सरकलेली नव्हती. सरकलेलं जे होतं ते मूळ नकाशाच्याही आधीचं होतं. ज्यानं कुणी पाहणी केली तो हमरस्त्यावरूनच परत गेला असावा.

“सुटली,” मी म्हणाले.

त्याबद्दल मला ऑफिसची नोटीस आली. ‘नजरचूक’ असं एका शब्दात उत्तर दिलं. सेवापुस्तकात ती नोंद आहे, एकच आहे. माझ्या नोकरीची अजून दोन वर्षं उरली आहेत. हे वाचून कुणाला पुन्हा नोटीस काढावीशी वाटली तर त्यांनी काढावी, उत्तर या वेळी थोडं लांब देईन.

बाईंनी त्याच ओट्यावर बसून चूक कबूल केल्याचा जबाब लिहून दिला आणि सही केली. पथक चुन्याची पोती घेऊन परत गेलं. इमारतीतले लोक बाईंशी वर्षभर बोलले नाहीत. पुन्हा मोजणी व्हायला सहा वर्षं लागली. तेव्हा मोजणीदार खरोखर शेतातून चालले, आणि रस्ता ओढ्याच्या काठानं झाला. आज त्यावर दुकानं आहेत. मी मोजली, उजव्या हाताला एकवीस. रस्ता होण्याआधी अडीच वर्षं बाई गेल्या होत्या. त्या आखणीनंतर लगेच माझी नागपूरला बदली झाली होती, त्यामुळे पुढे त्या मला फोनवरच भेटल्या. त्यांना पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं.

पथक गेल्यावर हौसाबाईंनी चहा केला. दत्तोबा एकदा म्हणाले, “बाई, तुमची रेघ चुकल असं वाटत न्हवतं.” बाई म्हणाल्या, “वय झालं.” मग त्या उठल्या. मी बांधापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. पाटाला नुकतंच पाणी सोडलं होतं आणि बांध एका जागी फुटला होता. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. चपला काढून एका हातात धरल्या, दुसऱ्या हातानं निऱ्या वर घेतल्या, आणि पाण्यात उभ्या राहून खाली बघत राहिल्या, पाय गार होईपर्यंत. घाई कसलीच दिसत नव्हती. मग पलीकडे चढल्या, ओल्या पायांनीच चालत दारापर्यंत गेल्या, आणि आपल्या किल्लीनं दार उघडलं.